माझ्या कागदात कोण डोकावलं?

माझी भाची लाइपझिगला असते. सहा वर्षांनी ती साताऱ्याला आली आणि पहिल्याच सकाळी आम्ही दोघं मंडईत गेलो. मेथीच्या दोन जुड्या आणि पाव किलो मिरची घेतली. मी फोन पुढे केला, आणि टोपलीशेजारच्या डबीने पैसे जमा झाल्याचं मराठीत सांगितलं. भाची थबकलीच. म्हणाली, "आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत अजून 'फक्त रोख' अशी पाटी आहे." माझी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात गेली, तारा, खांब आणि एक्स्चेंज यांच्या संगतीत. त्यामुळे हे ऐकून मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. तिथून जो वाद सुरू झाला तो रात्री अंथरुणं घालेपर्यंत संपला नाही. त्यात माझं सकाळचं मत रात्री तसंच उरलं नव्हतं, म्हणून तो आठवेल तसा लिहून काढतो आहे.

मी : अगं, जर्मनी म्हणजे यंत्रांचा देश. आपल्या मंडईतल्या बाईला जे जमतं ते तिथल्या बेकरीवाल्याला का जमू नये?

भाची : न जमायला काय झालं? पण त्याचं काही अडत नाही. शिवाय कित्येक गिऱ्हाइकांना नकोच असतं. रोख दिलं की कुठे नोंद राहत नाही, हे त्यांना बरं वाटतं.

मी : अडत नाही, इथेच सगळी गोम आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे स्ट्रोजर एक्स्चेंज होतं. कुणी डायल फिरवली की रॅकच्या रॅक खडखडायचे. फोनसाठी माणसं वर्षानुवर्षं यादीत असायची. १९९१ सालीसुद्धा आपल्या देशात शंभर माणसांमागे एक फोन नव्हता. मधल्या काळात, १९८४ मध्ये, सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. त्यांनी आपल्या धुळीत, उकाड्यात, वातानुकूलनाशिवाय चालेल असं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं आणि ते गावोगाव बसलं. तरी घराघरांत तार पोचायच्या आत मोबाइल आला. ज्याच्या घरी तारच नव्हती त्याला ती सोडताना काय वाटणार? ज्याचं जुनं झकास चाललंय तोच नव्यासाठी हात आखडतो.

भाची : जर्मनीत असंच घडलं, हे मला मान्य आहे. १९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर ऑप्टिकल फायबर टाकायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी हेल्मुट कोल चॅन्सलर झाले, आणि टीव्हीसाठी तांब्याची केबल टाकण्यावर जोर आला. तांब्यावर लोकांचं भागलं, आणि फायबर मागे पडलं.

मी : फ्रान्सचंही तेच. १९८२ मध्ये त्यांनी मिनिटेल देशभर नेलं. फोनला जोडायचं ते छोटं यंत्र लोकांना फुकट दिलं. रेल्वेचं तिकीट, फोनचे नंबर, सगळं त्यावर. इतकं सोयीचं की पुढे इंटरनेट आलं तेव्हा लोकांना घाई नव्हती. मिनिटेल बंद झालं २०१२ मध्ये! उलट एस्टोनिया बघ. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलं तेव्हा हातात फारसं काही नाही. फिनलंडने आपलं जुनं ॲनालॉग एक्स्चेंज फुकट देऊ केलं आणि त्यांनी नको म्हटलं, असं तिथले लोक सांगतात. केनियात २००७ च्या मार्चमध्ये एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, सुरू झालं, तेव्हा खेड्यांत बँका कुठे होत्या? पाटी कोरी असली की अक्षर लवकर उमटतं.

भाची : मग नायजेरियाची पाटी कोरी नव्हती का? तिथेही खेड्यांत बँका नव्हत्या आणि हाताहातात मोबाइल होते. पण तिथल्या मध्यवर्ती बँकेने अनेक वर्षं फोन कंपन्यांना पुढे येऊ दिलं नाही, हे काम बँकांनीच चालवावं असा नियम ठेवला. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने फोन कंपनीला करून बघू दिलं. नियम एका बाजूला वळला आणि दोन देश दोन वाटांना गेले. तेच एम-पेसा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंद पडलं.

मी : दक्षिण आफ्रिकेत बँक खाती जास्त होती. म्हणजे माझंच म्हणणं खरं.

भाची : अर्धं खरं. केनियात आणखी एक गोष्ट होती. मुलगा नैरोबीत, आईबाप गावाकडे. तो बसच्या ड्रायव्हरच्या हाती पैशाचं पाकीट द्यायचा, नाहीतर फोनचा टॉकटाइम पाठवायचा आणि गावातलं कुणीतरी तो विकत घेऊन आईला रोख द्यायचं. टॉकटाइमचा पैसा लोकांनी आधीच करून ठेवला होता. कंपनीने त्यांच्या वहिवाटीला रस्ता बांधून दिला.

हे ऐकताना मला गिरणीतले आमचे काका आठवले. मुंबईहून त्यांची मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओसरीवर टेकायचा, आजी अंगठा उठवायची, आणि चार ओळींचा निरोप पोस्टमनच वाचून दाखवायचा. त्या अंगठ्याला साक्षीदार असायचा आणि पैसे मोजून देणारा माणूस नावागावाचा असायचा. हे मी बोललो नाही, पण मनातून गेलं नाही.

मी : बरं, केनियाचं राहू दे. जर्मनीत नियम आहेत, पैसा आहे, इंजिनियर आहेत. तरी रोख आणि कागद का?

भाची : मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक इमारत आहे. लोक तिला 'गोल कोपरा' म्हणतात. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, श्टाझीचं, ते लाइपझिगमधलं ठाणं. १९८९ च्या ४ डिसेंबरला शहरातले लोक आत शिरले आणि त्यांनी कागद जाळणं थांबवलं. आज तिथे संग्रहालय आहे. देशभरातल्या श्टाझीच्या फायली एकाशेजारी एक उभ्या केल्या तर सुमारे १११ किलोमीटर भरतात, मामा. १९९२ पासून ज्याची त्याला वाचता येतात. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपली वाचली. त्यांच्याविरुद्ध खबरी देणारा माणूस त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळणारा मित्र होता. आजोबा कार्ड वापरत नाहीत. त्यांना मी मागासलेलं म्हणू?

मी : नको म्हणूस. पण तो काळ गेला.

भाची : काळ गेला, पण याद्या काय करू शकतात हे माहीत झालं ते झालं. १९३३ मध्ये प्रशियाच्या जनगणनेची मोजणी डेहोमाग या, आयबीएमची मालकी असलेल्या, कंपनीच्या छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर झाली. १९३९ च्या जनगणनेत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हे विचारलं. शेजारी हॉलंडमध्ये तर हेतू वाईट नव्हता. नागरिकांच्या नोंदवह्या नीट ठेवायची त्यांची पद्धत होती, त्यात धर्माचा रकाना होता. नाझी आले आणि त्यांना सगळं तयार मिळालं. तिथल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं मारली गेली. २७ मार्च १९४३ ला काही डच लोकांनी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली, आपल्याच शहराच्या दप्तराला! पकडलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या. म्हणून जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसे राज्यात झाला. १९८३ ला सरकार जनगणना करायला निघालं, तेव्हा लोकांनी बहिष्काराची तयारी केली, प्रकरण घटना न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये निकाल आला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. जनगणना झाली ती १९८७ मध्ये.

मी गप्प झालो. पण खात्यात असताना फॉल्ट शोधायची एक सवय लागली होती. एका लाइनवर बिघाड सापडला की तसल्याच दुसऱ्या लाइनवर तपासून बघायचं. तिथे तोच दोष असून लाइन चालू असेल, तर खरा बिघाड वेगळीकडे आहे.

मी : मग मला हे सांग. एस्टोनियाने काय कमी सोसलं? १९४९ च्या मार्चमध्ये सोव्हिएत सत्तेने काही दिवसांत वीस हजारांहून जास्त माणसं मालगाड्यांत भरून सैबेरियाला नेली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. याद्या आधीच केलेल्या होत्या. गुप्त पोलीस तिथेही होते. तेच भोगलेला देश आज घरबसल्या मतदान करतो. आठवणींनी जर्मनी थांबला असेल, तर एस्टोनिया का नाही थांबला?

भाची बराच वेळ बोलली नाही. चहा आला, निवला.

भाची : तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मला वाटतं, जर्मनांना भीती आपल्याच सरकारची होती, कारण ते सगळं आपल्याच सरकारने केलं होतं. एस्टोनियात जुलूम करणारी सत्ता बाहेरची होती. १९९१ मध्ये मिळालेलं सरकार त्यांना आपलं वाटलं, आणि भीती होती ती हे सरकार पुन्हा हातचं जाण्याची. म्हणून तर त्यांनी आपल्या सरकारी दप्तराची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली आहे. तिला ते 'डेटा वकिलात' म्हणतात. उद्या भूमी गेली तरी राज्याचं दप्तर जिवंत राहावं.

मी : म्हणजे एकाला दप्तराची भीती, दुसऱ्याला दप्तर बुडण्याची.

भाची : हो. पण तेवढ्याने झालं नसतं. त्यांनी सुरुवात शाळेपासून केली. १९९६ मध्ये अध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी 'वाघाची झेप' नावाची योजना जाहीर केली, शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेलं. २००१ मध्ये एक्स-रोड आलं. त्यात सगळी माहिती एका कोठारात भरलेली नाही. प्रत्येक खात्याची वही त्या खात्याकडे, आणि एकाने दुसऱ्याला काही विचारलं की त्या विचारण्याची नोंद होते. २००२ मध्ये चिपचं ओळखपत्र आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नागरिक आपल्या खात्यात शिरून बघू शकतो की माझ्या कागदात कोण डोकावलं. पोलीस, डॉक्टर, कारकून, कुणीही. कारण नसताना बघितलं असेल तर जाब विचारता येतो, शिक्षा होऊ शकते.

मी : पाळत उलटी फिरवली म्हण ना.

भाची : आणि चूक झाली तेव्हा लपवली नाही. २०१७ मध्ये त्यांच्या साडेसात लाखांच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला. एकूण लोक तेरा लाख, म्हणजे अर्ध्याहून जास्त देश! स्थानिक निवडणूक तोंडावर आलेली. तरी सरकारने स्वतः लोकांपुढे येऊन सांगितलं, पुढे दोष असलेली प्रमाणपत्रं बंद केली आणि नवी दिली. भरवसा असा हळूहळू वाढतो. २००५ मध्ये इंटरनेटवरून पहिलं मतदान झालं तेव्हा मतदारांपैकी दोन टक्केही तिकडे वळले नाहीत. २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. मध्ये अठरा वर्षं गेली. आपण 'झेप' म्हणतो, पण ती चाल होती.

मी : तेरा लाख म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्मेही नाहीत. लहान घर सावरणं सोपं.

भाची : सोपं, हे खरं. पण लहान देश पुष्कळ आहेत, एस्टोनिया एकच आहे. आणि एकाच देशात दोन्ही गोष्टी नांदतात. जपानने १९९९ मध्ये मोबाइलवर इंटरनेट दिलं, २००१ पासून तिथे कार्ड टेकवून रेल्वेत चढतात. त्याच जपानमध्ये सरकारी कागद फ्लॉपीवर द्यावेत असे नियम २०२४ पर्यंत शिल्लक होते. स्वीडनमध्ये रोख जवळपास दिसेनाशी झाली होती. २०२४ मध्ये सरकारने घरोघरी संकटकाळाची पुस्तिका पाठवली, त्यात घरात थोडी रोख ठेवा असा सल्ला आहे. म्हणून कोण पुढे, कोण मागे, असा तक्ता मला पटत नाही.

मी : तुला जर्मनी फारच लाडका झालाय. तिथली तुझी परवान्याची रड मी फोनवर ऐकलेली आहे.

भाची हसली नाही. मान खाली घालून म्हणाली,

भाची : तेही खरं आहे. माझा राहण्याचा परवाना संपत आला होता. एका कार्यालयात कागद पाठवले, सात महिने उत्तर नाही. फोन लागेना, भेटीची वेळ मिळेना. परवाना हातात नाही म्हणून आईचं ऑपरेशन होतं तेव्हा येता आलं नाही. त्या सात महिन्यांत माहितीच्या संरक्षणाने माझं काहीही रक्षण केलं नाही. कोविडच्या साथीत तिथल्या आरोग्य कार्यालयांत रुग्णांचे आकडे फॅक्सने जात होते. २०१० पासून ओळखपत्रात चिप आहे, पण बहुतेकांनी ती वर्षानुवर्षं वापरली नाही. जुन्या जखमेतून आलेली सावधगिरी कधी आळसाच्या कामी येऊ लागली, ते लोकांना कळलं नाही. कागदालाही बळी लागतात, मामा. ते नुसते रांगेत उभे असतात म्हणून दिसत नाहीत.

तिने आपली बाजू इतक्या मोकळेपणाने उघडी केल्यावर मलाही माझी झाकून ठेवता येईना. तरी आधी मी अभिमानाचंच बोललो.

मी : म्हणून मला आपलं कौतुक वाटतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी स्वस्त डेटा आला, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. आज चहाच्या टपरीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत एकच चौकोन चिकटवलेला दिसतो. सातबाऱ्यासाठी लोक तलाठ्याची वाट बघायचे, तो आता घरबसल्या निघतो. इतक्या मोठ्या देशाने इतक्या लवकर हे करावं, ही लहान गोष्ट नाही.

भाची : मुळीच नाही. मंडईतल्या त्या मावशींनी ती डबी स्वतः घेतली. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, नफा दिसला म्हणून घेतली. उद्या नको वाटली तर ठेवून देतील. पण ज्याला नको म्हणायची सोयच नाही, त्याचं काय? आकडेवारीत दोघंही 'वापरणारे' म्हणूनच मोजले जातात.

आणि मला मागच्या आळीतल्या बाईंची गोष्ट सांगावी लागली. आयुष्यभर लोकांची भांडी घासून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानात यंत्रावर थंब लागत नाही. एका महिन्यात तीन वेळा त्या परत आल्या. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. थंब लागला नाही म्हणून धान्य नाकारू नये असे आदेश आहेत, हे मला माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "काका, मी काय करू? मशीनच घेत नाही." यंत्राने एक ओळ दाखवली आणि ती पुसून पडदा कोरा झाला. आम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. मी त्यांना माझ्याकडचे तांदूळ दिले आणि विषय संपवला. संपवला, याचीच आता लाज वाटते.

भाची : त्या तीन फेऱ्यांची नोंद कुठे आहे?

मी : कुठेच नाही.

भाची : नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी त्या दुकानात गेल्याच नाहीत.

माझ्या मनात काहीतरी खटकन जागेवर बसलं. आमच्या काळी फोन बंद पडला की माणूस १९८ फिरवायचा आणि त्याला डॉकेट नंबर मिळायचा. लाइनमन उशिरा जायचा, कधी चार चकरा व्हायच्या, लोक शिव्या द्यायचे. पण तो नंबर दिला की फॉल्ट नाही असं म्हणायची आमची टाप नव्हती. नंबर उघडा आहे तोवर काम उघडं असायचं. आमच्या खात्यात दोष पुष्कळ होते. तरी बिघाडाला नंबर द्यायचा असतो, हे आम्हाला माहीत होतं.

मी : तुझं एस्टोनिया मला आता कळलं. कोण डोकावलं याची नोंद लोकांना दिसते, म्हणजे तिथे प्रत्येक गोष्टीला डॉकेट नंबर आहे. सकाळी मी म्हणत होतो की पाटी कोरी असली की नवं लवकर येतं. येतं खरं. गरज माणसाच्या हातात यंत्र देते. पण ते त्याचं स्वतःचं तेव्हा होतं, जेव्हा बिघाड झाल्यावर त्याचं म्हणणं कुठेतरी लिहून घेतलं जातं.

भाची : आणि मी म्हणत होते की आठवण माणसाला सावध करते. करते. पण नुसत्या सावधपणाने कुणाचं काम होत नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. आपला आधार कधी, कशासाठी वापरला गेला हेही संकेतस्थळावर बघता येतं. कडी घातलेली आहे. ती उघडायला त्या बाईंना कोण शिकवणार, हा प्रश्न उरतो.

आम्ही तिथल्या तिथे माझी नोंद उघडून बघितली. बँक, सिमकार्ड, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं तारखेवार. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती उघडायला नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, आणि त्या बाईंच्या आधारला त्यांच्या मुलाचा नंबर जोडलेला आहे. मुलगा पुण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. भाचीने पुण्याला फोन लावून मुलाकडून ओटीपी मागितला आणि त्यांना त्यांची नोंद वाचून दाखवली. आपलं नाव कुठे कुठे गेलंय, हे बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग मी घरून नेलेली वही उघडली आणि तहसील कार्यालयात द्यायच्या तक्रारीचा मजकूर लिहायला घेतला : तारीख, वेळ, दुकान, यंत्राने दाखवलेली ओळ, परत पाठवल्याची वेळ. तिन्ही फेऱ्या वेगवेगळ्या लिहिल्या. लिहून झाल्यावर वर कोपऱ्यात मी जुन्या सवयीने '१' घातला.

"हा आकडा कसला?" बाईंनी विचारलं.

म्हटलं, "तुमचा नंबर. काम होईपर्यंत हा खोडायचा नाही."